खुंटीवरची फिल्म

पडद्यावर माझी माय काहीतरी चावत होती आणि तो शॉट मी लावलेला नव्हता. आधी वाटलं, प्रोजेक्टरवाल्याने घोळ केला असेल, दुसऱ्या कुणाची रीळ मध्येच लागली असेल. पण दुसऱ्या कुणाच्या रिळात माझी माय कशाला येईल? तिच्या हनुवटीवरचं गोंदण, कानातली फुलं, अर्धे मिटलेले डोळे, आणि सावकाश, चवीने हलणारा जबडा. त्याच्या आधीचा शॉट मात्र माझाच होता. दसऱ्याच्या दिवशी आमच्या वस्तीतली पंगत उठली आहे आणि मायचे हात पत्रावळींवर उरलेले भाकरीचे तुकडे उचलून पदरात टाकताहेत. माझ्या फिल्ममध्ये त्या हातांनंतर बकऱ्या होत्या, शेजारच्या रंभाबाईच्या, त्याच तुकड्यांवर माना घालून तुटून पडलेल्या. त्या कुठे गेल्या? हातांनंतर एकदम तोंड कसं आलं? मागच्या रांगेत कुणीतरी जिभेने च्च केलं. एक बाई हळूच ‘बिचारी’ म्हणाली. तिचा आवाज खरोखरच कळवळलेला होता, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. कलाकेंद्राच्या हॉलमध्ये मी लोखंडी खुर्चीवर बसले होते, माझ्या उजव्या हाताला माय, तिच्या पलीकडे बाबा, बाबांच्या पलीकडे रंभाबाई, आणि मागे वस्तीतली आणखी कितीतरी माणसं, धुतलेल्या कपड्यांतली, केसांना तेल लावून आलेली. मीच दारोदार फिरून सगळ्यांना आग्रह केला होता की माझी फिल्म आहे, आपल्या वस्तीची आहे, यायलाच पाहिजे. मायकडे बघायची हिंमत झाली नाही. इतका वेळ ती पडद्यावरची माणसं ओळखून हसत होती, तिच्या बांगड्या वाजत होत्या. त्या थांबल्या.

तिथून पुढची फिल्म माझीच होती. निळे झेंडे, लहान मुलं, खेड्यांतून पायी आलेल्या म्हाताऱ्या, शेवटी रिकाम्या पटांगणात झाडू मारणारा माणूस. सगळं मी जसं लावलं तसंच होतं, पण आता त्यातलं काहीच माझं वाटत नव्हतं. पांढऱ्या लुगड्यातल्या त्या म्हाताऱ्यासुद्धा भुकेल्या दिसायला लागल्या. मघाशी त्या थकून, समाधानाने बसलेल्या होत्या. त्याच म्हाताऱ्या, तोच उजेड. मधे फक्त एक तोंड आलं होतं.

हे असं होतं हे मला ठाऊक होतं. मला ते शिकवलं होतं. आमचे मास्तर गोपाळराव, त्यांनी कलाकेंद्रातल्या फिल्मच्या वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात तिथल्या शिपायाला खुर्चीवर बसवलं, नुसतं समोर बघ म्हणाले, आणि त्याच्या चेहऱ्याचा एक शॉट घेतला. मग एका पोह्याच्या बशीचा, आणि एका तान्ह्या मुलाचा. चेहऱ्याला बशी जोडून दाखवली तर शिपाई उपाशी दिसला. तोच चेहरा मुलाला जोडला तर त्याच्या डोळ्यांत माया आली. आम्ही सगळे हसलो, सगळ्यात मोठ्याने मी. शिपाईही हसला, म्हणाला, साहेब, मी तं सकाळी जेवून आलो होतो. गोपाळराव म्हणाले, “पाहिलंत? पडद्यावर जे दिसतं ते या तुकड्यातही नसतं आणि त्या तुकड्यातही नसतं. ते सांध्यात असतं.” मी ते वाक्य मनात कितीतरी दिवस घोळवत होते. त्या वर्गात मी एकटीच मुलगी, आणि आमच्या वस्तीतलं तर केंद्राच्या पायरीवर कुणी चढलेलंही नव्हतं. अर्ज भरताना बाबा एवढंच म्हणाले होते, “जाय. आपल्या लोकायची गोष्ट दुसऱ्यायनं सांगितली तं ते त्यायच्या सोयीनं सांगते. आपन आपली सांगाव.” बाबा अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. दिवसभर इंजिनात हात घालणारा माणूस, त्याला कॅमेऱ्याचं कौतुक फार. केंद्राचा कॅमेरा मी पहिल्यांदा घरी आणला तेव्हा त्यांनी हात साबणाने धुऊन, पुसून, मग त्याची चावी फिरवून पाहिली, आणि मायला म्हणाले, “ऐक, घड्याळावानी चालते.”

गोपाळरावांना मी देव मानलं असतं, पण आमच्यात देव मानत नाहीत. तेव्हा त्यांना मी माणूस मानलं, आणि ते जास्त होतं. मुंबईत मोठमोठ्या लोकांच्या हाताखाली काम करून, तिथे कंटाळून ते नागपूरला परत आले होते. खादीचा झब्बा, सिगारेटने पिवळी पडलेली बोटं, बोलणं असं की समोरच्याला आपण एकटेच हुशार आहोत असं वाटावं. माझ्या पहिल्या रिळातलं काहीच फोकसमध्ये नव्हतं. बाकीची मुलं फिदीफिदी हसली, तर हे म्हणाले, “हिने कॅमेरा योग्य उंचीवर धरलाय. तुम्ही सगळे वरून बघता, ही बसून बघते.” त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगले. दसऱ्याला वस्तीत शूटिंग करायचं ठरलं तेव्हा ते स्वतः आले. दीक्षाभूमीला जाणारी खेड्यापाड्यांची माणसं आदल्या दिवसापासून आमच्याकडे उतरतात, कुणाची ओळख लागत नाही, आणि घराघरांतून पीठ गोळा करून त्यांच्यासाठी पंगत मांडली जाते. माय त्या पंगतीची कारभारीण. गोपाळराव त्या पंगतीत मांडी घालून बसले. मायने वाढलं, त्यांनी खाल्लं, अर्धी भाकर तशीच पानावर राहिली. बाबा आमच्याकडे बघून नुसते डोळ्यांनी हसत होते. दुपारी त्यांनी तीन-चार जणांना सांगितलं, माह्या पोरीचे मास्तर, पाह्यलं का, कोनाच्या पंगतीत बसले?

पंगत उठल्यावर माय पत्रावळी उचलायला लागली, मोठे मोठे तुकडे वेगळे काढून पदरात टाकायला लागली, आणि मी कॅमेरा फिरवत होते. गोपाळराव माझ्या खांद्यामागेच उभे होते. त्यांनी विचारलं, “हे कशासाठी, बाई?” माय मान वर न करता म्हणाली, “बकऱ्याइले. रंभाबाईच्या दोन बकऱ्या हायेत ना जी. फेकून काय कराव?” मग ते तुकडे तिने रंभाबाईच्या अंगणात नेऊन ओतले आणि मी मागे मागे जाऊन बकऱ्यांचा शॉट घेतला. गोपाळराव तिथेही होते. एक बकरी त्यांच्या झब्ब्याला लागली म्हणून मागे सरकले होते. हे मी पुन्हा पुन्हा आठवून पाहते. ते तिथे होते. त्यांनी विचारलं होतं आणि त्यांना उत्तर मिळालं होतं.

चावण्याचा शॉट त्याच दुपारचा, पण नंतरचा. सगळं आवरल्यावर माय घराच्या मागच्या भिंतीला टेकून बसली होती आणि कमरेच्या चंचीतून चिमूटभर तंबाखू काढून तिने सुपारीबरोबर तोंडात टाकली. दिवसभर उभी होती, आता कुठे टेकली. तिच्या चेहऱ्यावर असं सुख आलं की माझा हात आपोआप कॅमेऱ्याकडे गेला. मी तो सुखाचा शॉट म्हणून घेतला होता. रीळ संपतानाचा खडखड आवाज झाला तेव्हा तिने डोळे उघडले. “काढलं का वं हे?”

“काढलं.”

“दाखवू नको पोरी. तुह्या बाबानं साऱ्या वस्तीले तंबाखू सोडाले लावली. आन् मी अशी इथं लपून खाऊन राहिली. सारे हसन माह्यावर.”

मी शब्द दिला. बाबांचं वस्तीतलं मंडळ तेव्हा लोकांची व्यसनं सोडवायच्या मागे लागलं होतं. दर रविवारी सभा, आणि पहिल्याच सभेत माय उठून म्हणाली होती की आजपासून मी सोडली. वस्तीला तिचा अभिमान होता. फिल्म धुऊन आल्यावर मी पहिलं काम केलं ते हे, की तो शॉट कापून बाजूला काढला. आणि जाळला नाही. इथेच सगळी माती झाली. वर्गाचा नियम असा होता की फिल्मचा एक तुकडासुद्धा फेकायचा नाही. आम्हाला मिळायची त्या फिल्मची दुसरी प्रतही नसे, कॅमेऱ्यातून निघायची तीच धुऊन पडद्यावर जायची. म्हणून कापलेला प्रत्येक तुकडा एडिटिंगच्या खोलीत भिंतीवरच्या खुंट्यांना टांगायचा, खाली कापड लावलेली पेटी, म्हणजे शेपटाला धूळ लागू नये. ज्याच्या त्याच्या नावाची खुंटी. तुकडा फेकणाऱ्या मुलावर गोपाळराव एकदा असे चिडले होते की तो रडायचा बाकी होता. “हे कुणाचंतरी जगणं आहे, कचरा नाही,” असं म्हणाले होते. मला ते फार मोठं वाटलं होतं. मी मायचा तो चेहरा माझ्या खुंटीला नीट अडकवला, शेपूट पेटीत सोडलं. घरी मी शिवणकाम करताना चिंध्या फेकून देते. तिथे मात्र शहाण्या मुलीसारखी वागले.

दिवे लागले तेव्हा टाळ्या झाल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, आधी थोडी शांतता आणि मग टाळ्या, म्हणजे लोकांना खरोखर काही झालेलं होतं. गोपाळरावांनी माइकवर माझं नाव घेतलं, प्रेमिला गजभिये, आणि मी उठले. आता वाटतं, उठले कशी? पाय आपले आपण चालले. मी मंचावर गेले, कुणा पाहुण्याने मला नारळ आणि गुलाबाचं फूल दिलं, माझ्या पाठीवर हात ठेवून तो म्हणाला, फार धाडसी आहेस मुली, आपल्याच घराकडे असं बघायला काळीज लागतं. मी मान हलवली. मग समोर बघितलं. तिसऱ्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत नव्हते. ते पडद्याकडेच बघत होते, कोऱ्या पडद्याकडे, आणि त्यांचा चेहरा मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता तसा होता. माय मांडीवर हात ठेवून बसली होती. वस्तीतली माणसं मायकडे बघत होती आणि ती आपल्याकडे वळली की चटकन दुसरीकडे बघत होती.

आमच्या वस्तीबाहेरच्या माणसाला हे कळणार नाही. त्याला वाटेल, गरीब बाईने उरलेली भाकर खाल्ली तर खाल्ली, त्यात एवढं काय? माझा आजा धोंडबा मौद्याकडच्या खेड्यात राहायचा. गावात लग्न लागलं की पंगती उठेपर्यंत तो मांडवाबाहेर टोपली घेऊन बसे, आणि उठलेल्या पानांवरचं जे असेल ते टोपलीत घालून घरी आणे. वरण, भात, जिलेबी सगळं एकात एक झालेलं. बाबा लहानपणी तेच खाऊन वाढले. छप्पन्न साली दीक्षेला निघायच्या दिवशी पहाटे आज्याने ती टोपली मोडून चुलीत घातली आणि तिच्या जाळावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. बाबा ही गोष्ट प्रत्येक सभेत सांगतात. सांगताना आवाज चढत नाही, उलट खाली येतो. आमच्या वस्तीत शेंबड्या पोरालाही ती टोपली ठाऊक आहे. मी दीक्षेनंतर जन्मले, तरी त्या पाण्याने मीही न्हाले आहे असं मला वाटत आलं होतं. आणि आता धोंडबाची सून, आनंदरावांची बायको, पडद्यावर सगळ्यांसमोर उष्टं खाताना दिसली होती, पोरीने काढलेल्या फिल्ममध्ये.

परत येताना बाबा सायकलवर पुढे निघून गेले. माय आणि मी रिक्षात, आणि आमच्याबरोबर रंभाबाई, पायाशी तिचा नातू. बर्डीच्या बाजारातल्या गर्दीतून रिक्षा चालली होती. मी दोनदा तोंड उघडलं. रिक्षावाल्यासमोर काय सांगणार, की सिनेमात सांधा नावाचा एक प्रकार असतो? शेवटी म्हणाले, “माय, तो शॉट मी नाही लावला.” ती बाहेर बघत म्हणाली, “आसू दे.” रंभाबाईने मायच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि थोपटलं. आजाऱ्याला थोपटतात तसं. दर दसऱ्याला ते तुकडे पदरातून स्वतःच्या अंगणात ओतून घेणारी ही बाई. तिने तरी का थोपटावं?

घरी बाबा खाटेवर बसले होते, अंगातलं जाकीटही काढलेलं नव्हतं. माय आत जायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं. आवाज तसाच खाली, सभेतल्यासारखा.

“काहून खाल्लं वं?”

खाल्लं का, असं नाही विचारलं, का खाल्लं असं विचारलं. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले आणि बोलत सुटले. सर्वकाही सांगितलं. हाताचा शॉट वेगळा, तोंडाचा वेगळा, मधे दोन तासांचं अंतर, सरांनी बकऱ्या काढून तिथे हे जोडलं, आणि ती चावत होती ती... इथे मी अडखळले. मायने माझ्याकडे पाहिलं. मग म्हटलं, जाऊ दे, आता शब्द पाळून काय उपयोग, आणि सांगितलं की ती तंबाखू होती. बाबांनी ऐकून घेतलं. फिटर माणूस, एकेक पेच फिरवून बघितल्यासारखं विचारायला लागले.

“जोडले असन. मान्य. पन दोन्ही तुकडे कोनं काढले? त्यानं काढले का?”

“नाही. मीच.”

“हात तुह्या मायचे?”

“हो.”

“तोंड तिचंच?”

“हो, पण बाबा...”

“मंग खोटं काय हाये त्याच्यात? आन् तंबाखू तं तिनं सोडली. साऱ्या सभेपुढं सोडली. तू मायची बाजू घेऊन राहिली पोरी, मले समजते. पन मी आपल्या डोळ्यानं पाह्यलं.”

मी रडकुंडीला आले. म्हटलं, माय, तू सांग ना, तू काही बोल ना. माय दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. ती मला म्हणाली, बाबांना नाही, मला, “सांगू नको वं. ज्याले इचाराव लागते, त्याले सांगून काय होते?” आणि आत गेली. तेवीस वर्षांच्या संसारावर एका चिकटपट्टीएवढ्या सांध्याने मात केली होती, आणि तो सांधा करायची विद्या शिकायला मी वर्षभर डबा घेऊन सायकलवर धरमपेठेतल्या केंद्रात जात होते.

दुसऱ्या दिवशी केंद्रात मी सगळ्यांच्या आधी पोचले. एडिटिंगच्या खोलीत माझ्या नावाच्या खुंटीवर बकऱ्या टांगलेल्या होत्या. जिथे मायचं तोंड होतं तिथेच, शेपूट पेटीत नीट सोडलेलं. त्या नीटपणाने माझ्या डोक्यात सणक गेली. गोपाळराव आले ते हसत, हातात वर्तमानपत्र. “ये, ये. काल झोप लागली नसेल. पहिल्या यशाची नाहीच लागत.”

“सर, तुम्ही बकऱ्या काढल्या.”

“काढल्या. बस आधी.”

“तुम्हाला माहीत होतं. तुमच्यासमोर माय बोलली. बकरी तुमच्या झब्ब्याला लागली होती.”

“अर्थात माहीत होतं.” ते जराही चपापले नाहीत. मला वाटलं होतं, निदान नजर चुकवतील. “पण बकऱ्या आल्या की गोष्ट घरगुती होते, प्रेमिला. बघणारा सुस्कारा टाकतो, म्हणतो, चला, वाया नाही गेलं, आणि घरी जाऊन जेवतो. काल एकाला तरी घरी जाऊन घास गेला असेल का?”

“माझ्या मायला गेला नाही.”

“पडद्यावर आली की ती तुझी आई राहत नाही. सगळ्यांची होते.”

सगळ्यांची आई झालेल्या बाईला काल सगळ्यांनी ‘बिचारी’ म्हटलं होतं. हे मी बोलायला हवं होतं, पण त्या खोलीत मला नेहमीच उशिरा सुचायचं. मी एवढंच म्हणाले, “मला विचारायचं तरी.”

“विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“म्हणून नाही विचारलं.” ते माझ्या शेजारी स्टूल ओढून बसले, अगदी प्रेमाने, आणि खरं सांगते, ते प्रेम खोटं नव्हतं. “हे बघ, ही फिल्म दिल्लीच्या महोत्सवाला जातेय. काल पाहुण्यांनीच शब्द दिलाय. पुण्याच्या फिल्मच्या शाळेत प्रवेश हवा ना तुला? मग दुसरं काही दाखवायची गरज नाही. आणि मी माझं नाव कुठेही घातलेलं नाही. सगळी तुझी आहे. मी फक्त एक जागा बदलली.”

माणसाने केसाने गळा कापावा तर असा. मारहाण नाही, चोरी नाही, उलट पदरचं देऊन. नाव माझं, माय माझी, कॅमेरा मी धरलेला, योग्य उंचीवर. मी म्हटलं, फिल्म द्या, मी जसं होतं तसं लावते. ते म्हणाले, फिल्म केंद्राची आहे, काल रात्रीच कपाटात गेली, किल्ली कार्यालयात. मी खुंटीवरच्या बकऱ्यांकडे बघत राहिले. त्यांनी उठून तो तुकडा काढला, बोटाला गुंडाळून त्याची लहानशी गुंडाळी केली आणि माझ्या हातात ठेवली. “हवा तर घेऊन जा. नाहीतरी टाकायचाच आहे.” ‘कचरा नाही’ म्हणणारा तोच माणूस. मी पायऱ्या उतरले, सायकल घेतली, आणि रेल्वेच्या पुलावर येईपर्यंत मला स्वतःचीच इतकी लाज वाटत होती की समोरून येणारी माणसं माझं तोंड बघताहेत असं वाटत होतं. दिल्ली, पुणे हे शब्द मनात येत होते, आणि दर वेळी क्षणभर बरं वाटत होतं. ते बरं वाटणं मला खुपत होतं.

बाबांची पाळी सुटल्यावर मी रंभाबाईला घरी बोलावून आणलं. मनात जणू खटलाच उभा केला होता, पुरावा आणि साक्षीदार. बाबांच्या हातात ती पट्टी दिली, खिडकीच्या उजेडासमोर धरायला सांगितली. त्यांनी एक डोळा मिटून एकेक चौकट बघितली, चष्मा काढून पुन्हा बघितली.

“बकऱ्या हायेत.”

“हो. मायच्या हातांनंतर हे होतं. मी हे लावलं होतं.”

“बकऱ्या तं खातेच,” बाबा म्हणाले आणि पट्टी मला परत दिली.

मी रंभाबाईकडे वळले. म्हटलं, मावशी, तुम्ही सांगा, माय सगळे तुकडे तुमच्या अंगणात ओतते की नाही? दर वर्षी? रंभाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. ती वाईट बाई नव्हे. मायच्या बाळंतपणात हिनेच मला पहिल्यांदा हातात घेतलं होतं. “ओतते ना. पदरभर आनून देते बिचारी.” मग थोडं थांबून, न राहवून, “पन बाप्पा, सारेच आनून देते का काय, मले काय मालूम? मी का तिच्या मागं मागं फिरून राहिली होती?” आणि लगेच, जसं काही आमच्या भल्याचंच बोलतेय, “भूक लागते गा मानसाले. दिवसभर उभी राहते. एखादा तुकडा तोंडात टाकला असन तं काय झालं? आमी कोनाले सांगून राहिलो का?” बाबा उठून अंगणात गेले. आतून चुलीपाशी भाकर थापल्याचा आवाज येत होता, तो मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला. रंभाबाईला वाटलं असेल, आपण किती सांभाळून घेतलं.

गावाकडे माझी आजी आज्याच्या ताटात जेवायची, त्याचं झाल्यावर, त्याच्याच उरलेल्यावर. लग्न करून माय या घरात आली त्या दिवशी बाबांनी तिचं ताट आपल्या ताटाशेजारी मांडलं आणि सांगितलं की या घरात कुणी कुणाच्या मागून जेवणार नाही. तेव्हापासून भाकरी सगळ्या आधी थापून होतात, मग आम्ही तिघं एकदम बसतो. मायला उशीर झाला तर बाबा भाकर हातात धरून बसून राहतात. कितीदा त्यांचं कालवण निवून गेलं, मी लहानपणी भुकेने रडले, पण तिचं ताट आल्याशिवाय त्यांनी घास मोडला नाही.

त्या संध्याकाळी मायने दोन ताटं आणून ठेवली. बाबांचं आणि माझं. म्हणाली, “बसा तुम्ही. मी खाईन मागून.” बाबांनी ताटाकडे पाहिलं. तिच्याकडे नाही. मी वाट पाहत होते की ते आता म्हणतील, सिंधू, ताट आन तुहं. त्यांचा हात भाकरीवर होता. ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी भाकर मोडली, आणि खाली मान घालून जेवायला लागले. मला बाबांचा असा राग पूर्वी कधी आला नव्हता, आणि त्यांची इतकी कीवही कधी आली नव्हती. मी ताट उचललं आणि आत गेले. माय चुलीपाशी बसली होती, हातातच भाकर, भाकरीवर चटणी, ताट घेतलेलं नव्हतं. मी तिच्या शेजारी पाटावर बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. तिने घास हातातच थांबवला. माझ्याकडे बघितलं, आणि बसल्या जागी भिंतीकडे तोंड करून वळली, डोक्यावरचा पदर ओढून तोंडापुढे घेतला, आणि मग पदराआड खायला लागली.

“माय,” मी म्हटलं.

“जेव तू,” ती भिंतीकडेच बघत म्हणाली. “पाहू नको वं माह्याकडं.”